सगुणेचा अबोला

श्रीरंगगिरी महाराजांचा मुक्काम त्या चातुर्मासात पिंपळदरी गावी, मुरलीधराच्या देवळात होता. गावातली सगुणा माळीण रोज सकाळी देवासाठी तुळशीची माळ आणी, पायरीवर ठेवी आणि हात न जोडताच मागे फिरे. दोन वर्षांपूर्वी तिची एकुलती एक लेक, ठकी, तापाने गेली. तीन दिवस सगुणेने याच पायरीवर डोके ठेवून देवाला विनवले होते. त्यानंतर ती देवाशी एक शब्दही बोलली नव्हती.

पुजारी त्र्यंबकशास्त्री मोठे विद्वान. दास्य, सख्य, वात्सल्य, भक्तीचे सगळे भाव त्यांना तोंडपाठ! श्रावणातल्या एका कुंद सकाळी ते चारचौघांत तिला हसले. "देवावर रुसणारी तू कोण गं? उद्यापासून तुझी माळ नको."

सगुणेचा चेहरा पांढराफटक पडला. "एवढं तरी राहू द्या, शास्त्रीबुवा. मला दुसरं कोण हाय?"

शास्त्रीबुवांनी पाठ फिरवली. ओसरीवरून महाराज हळूच म्हणाले, "अबोला आपल्याच माणसाशी धरतात, शास्त्रीबुवा. परक्याशी कोण धरतो?" पण शास्त्रीबुवांनी ते कानाआड केले.

दुसऱ्या दिवशी सगुणा आली नाही. शास्त्रीबुवा पूजेला बसले, तो मूर्तीच्या गालांवर पाणी! पावसाळी ओल समजून त्यांनी ते पुसले. पुन्हा आले. चार पंचे भिजले. हात लावून पाहिले, तर पाणी कोमट होते. त्यांनी मंत्र म्हटले, क्षमा मागितली. धार काही थांबेना. घाबरून ते महाराजांकडे धावले.

महाराजांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "तुम्ही स्वतः जा आणि तिला घेऊन या."

सगुणा गाभाऱ्यात आली. मूर्तीकडे पाहताच तिचा हात आपसूक पदराकडे गेला. देवाचे गाल पुसत ती बोलली, दोन वर्षांनी पहिल्यांदा!

"तुलाबी रडू आवरंना व्हय रे? माझ्या ठकीसाठी रडतुयास? उगी, माझ्या लेकरा. उगी."

भाविकहो, पाणी थांबले. सगुणेला मात्र हुंदका फुटला. लेक गेल्यापासून ती रडलीच नव्हती.

ठकी परत येणार नव्हती. महाराज तिच्याजवळ बसून राहिले.

शास्त्रीबुवा दाराशी थिजून उभे होते. "महाराज, तीस वर्षं मी याची पूजा केली," ते कसेबसे म्हणाले, "पण यालाही दुःख होत असेल, हे कधी मनातच आलं नाही."

आणि खाली वाकून त्यांनी त्या माउलीच्या, सगुणेच्या पायांवर मस्तक ठेवले.