स्फटिकातली राजकन्या

एका राज्यात दिवस माथ्यावर आला तरी चुली पेटत नसत. गाई गोठ्यात हंबरून हंबरून थकत, पण धार काढायला कोणी उठत नसे. ओसरीओसरीवर माणसे भिंतीला टेकून बसलेली असत. डोळ्यांवर स्फटिकाच्या दोन चकत्या, कानांवर दोन शिंपले आणि ओठांवर हसू. पण ते हसू समोरच्या कोणासाठी नव्हते. राज्याची ही दशा कशी झाली आणि तिथल्या राणीने काय केले, ते ऐका.

राजाचे नाव विजयकेतू, राणीचे मालवती. त्यांना एकुलती एक लेक, चित्रा. मोठी लाडकी आणि तितकीच हट्टी. तेल लावायला बसवले की अर्धी वेणी सोडवून पळायची, हाक मारली की मुद्दाम लपायची. एका वर्षी राज्यात तापाची साथ आली आणि चित्रा गेली. राणी तेव्हा पोटुशी होती. तिने ऊर बडवला, अंगण रडून भिजवले, आणि मग ती उठून जेवली, कारण पोटात जीव होता. राजा मात्र रडला नाही. त्याने अन्न सोडले, दरबार सोडला, आणि लेकीच्या रिकाम्या पलंगापाशी तो बसून राहिला. राजवैद्यांनी हात टेकले.

अशात उत्तरेच्या वाटेने एक जादूगार आला. त्याचे नाव विभ्रम. चेहरा विशीतल्या तरुणाचा, पण हातांच्या शिरा जख्ख म्हाताऱ्याच्या. तो राजापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, गेलेले मी परत आणत नाही. पण दाखवतो."

"त्याचे मोल काय?" राजाने विचारले.

"आपल्याला जे नकोसे झाले आहे, तेवढेच नेईन."

त्याने स्फटिकाच्या चकत्या आणि शिंपले जडवलेली एक पट्टी काढून राजाच्या डोळ्यांवर आणि कानांवर बांधली. राजा दचकला, मग थरथरला, मग कित्येक दिवसांनी हसला. पट्टीत चित्रा होती. बागेत धावत होती, "बाबा" म्हणून हाक मारत होती. त्या संध्याकाळी राजाने भाताचे चार घास खाल्ले.

खोटे कशाला सांगावे? आरंभी सगळे भलेच झाले. राजा सकाळी दरबार करी आणि दुपारी पट्टी बांधून लेकीला भेटे. सेनापती वीरबाहूचे दोन्ही पाय लढाईत गेले होते; पट्टी बांधताच तो घोड्यावर मांड ठोकून डोंगर ओलांडू लागला. दूर देशी दिलेल्या लेकींना आईचा आवाज ऐकू येऊ लागला. लोक जादूगाराला दुवा देऊ लागले. त्याने पट्टीला नाव ठेवले होते सुखदर्शन. ज्याने मागितली त्याला त्याने ती दिली. कोणालाही नाही म्हटले नाही.

राणीनेही एकदा ती बांधून पाहिली. समोर चित्रा उभी होती, तोच गालावरचा तीळ, तीच चिमणी जिवणी. "ये, तेल लावते," राणी म्हणाली, आणि चित्रा आली, पुढ्यात बसली, वेणी पुरी होईपर्यंत हलली नाही. राणीचे हात थांबले. तिने पट्टी खेचून काढली आणि ती पदरात तोंड खुपसून रडली. ही आपली लेक नव्हे, हे तिला कळले. तेवढ्या एका गोष्टीने तिचा जीव वाचला, कारण तेव्हा पट्टी अजून सैल होती.

पुढे ती घट्ट होत गेली. राजाची दुपार संध्याकाळपर्यंत लांबली, मग सकाळही तीत बुडाली. राणी बाळंत झाली, दुसरी मुलगी झाली. नाव ठेवले वेणू. दुपट्यात गुंडाळलेली लेक घेऊन ती राजापाशी गेली. "महाराज, हिच्याकडे पाहा तरी."

"पाहतो, पाहतो," राजा म्हणाला, आणि मान पलीकडे वळवून चित्राशी बोलत राहिला.

वेणू रांगू लागली, चालू लागली, बोलू लागली. बापाने तिला पाहिले नाही.

मग एका भर दुपारी गावाबाहेरच्या तळ्याचा बांध फुटला. बांधाला भेग पडली होती, ती साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत रुंदावत गेली होती. पण ते डोळे भलतीकडे होते. पाणी खालच्या आळीत शिरले. राणी धावत गेली, तो चिखलात ओसरीवर माणसे बसल्याजागी बुडून मेलेली. चेहऱ्यावर तेच हसू. एक बाई तेवढी वाचली होती. तिचे तान्हे पाळण्यातून वाहून गेले होते आणि ती गुणगुणत हवेतच पाळणा हलवत होती. राणीने तिची पट्टी ओढून काढली. बाई किंचाळली, "दिसत नाही! मला काही दिसत नाही!" पट्टीबरोबर तिची दृष्टी गेली होती. तेव्हा राणीला कळले, की ओढून काढण्यात सुटका नाही.

ती चिखलात मटकन बसली. समोरच्या ढेकळावर एक टिटवी येऊन उतरली आणि माणसासारखी बोलू लागली.

"राणी, माझा आवाज अशुभ म्हणून लोक कान झाकतात. तू ऐकशील?"

"आता आणखी अशुभ काय उरले आहे? बोल."

"माणूस ज्या दिवसाकडे पाहत नाही, तो दिवस विभ्रम उचलून नेतो. काळ्या डोंगराच्या पोटात रांजण मांडून त्यांत तो हे दिवस भरून ठेवतो, आणि तेच पिऊन तरुण राहतो. तिथेच या साऱ्या पट्ट्यांचे मूळ आहे, पुरुषभर उंचीचा स्फटिक. तो फुटला तर पट्ट्या गळतील, गेलेली दृष्टीही परत येईल. पण वाटेत खिंड आहे, माळ आहे, आणि शेवटी स्फटिक स्वतः आहे. खिंडीत कान लागेल, माळावर डोळे लागतील. स्फटिकापुढे काय लागेल, ते मला सांगवत नाही."

एवढे बोलून टिटवी उडाली. राणी महालात आली. वेणूला सांभाळायला ठेवावे असे कोणी राहिले नव्हते. दासींच्याही डोळ्यांवर पट्ट्याच होत्या. तिने पोरीला कडेवर घेतले, भाकरी बांधून घेतली आणि काळ्या डोंगराची वाट धरली.

खिंडीच्या तोंडाशी एक म्हातारी बसली होती. कमरेखाली दगड, कमरेवर माणूस. ती म्हणाली, "माझी हकीकत जो शेवटपर्यंत ऐकेल त्याला वाट. माझा दगड होऊन ही वाट अडली, तेव्हापासून सगळे मध्येच उठून गेले."

"सांगा आजी."

म्हातारीने सांगायला सुरुवात केली. सासरची गोष्ट, आटलेल्या विहिरीची गोष्ट, मेलेल्या म्हशीची गोष्ट, सुनेने एकदा पाणी दिले नाही ती गोष्ट. संपत आली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. वेणू रडली, खेळली, झोपली, उठली. राणीच्या पाठीला रग लागली, डोळे मिटायला आले, तरी तिने कान वळवला नाही. शेवटी ती म्हणाली, "आजी, मघाशी म्हैस काळी होती म्हणालात. आता भुरी म्हणता."

म्हातारी थबकली, आणि मग तोंडाचे बोळके उघडून हसली. "म्हणजे ऐकत होतीस की गं! काळीच होती. ऐकणारा आहे की नाही, ते पाहत होते." तिच्या पायांचा दगड भुगा होऊन पडला. ती उठली, काठी टेकत निघून गेली, आणि खिंड मोकळी झाली.

पुढे माळ लागला. त्यावर झाड नव्हते, पाखरू नव्हते, वारासुद्धा नव्हता. डोळे मिटले की मात्र हवे ते दिसे. ते पाहायला जो जो बसला, त्याची तिथेच माती झालेली. अशा मातीचे माणसाच्या आकाराचे ढीग जागोजाग होते. चालता चालता राणीच्या पापण्या जड झाल्या. पापणीआड चित्रा हाका मारू लागली. तेवढ्यात कडेवरून आवाज आला, "आई, तिथं काय आहे?"

"काही नाही बाळ."

"बघू ना पण."

राणीने तिला खाली उतरवले. वेणू उकिडवी बसली. तिथे एक भेग होती, भेगेत मुंग्या होत्या, आणि एक मुंगी आपल्याहून मोठा पंख ओढत चालली होती. "ही दमली," वेणू म्हणाली. पुढे तिला तांबडा खडा सापडला, मग गोगलगायीचा रिकामा शंख सापडला. ती दाखवत गेली, राणी पाहत गेली, आणि असे पाहत पाहतच त्या दोघी तो माळ ओलांडून गेल्या.

काळ्या डोंगराच्या पोटात उजेड होता, पण ऊब नव्हती. भिंतीशी रांजणांच्या ओळी होत्या. मधोमध स्फटिक उभा होता आणि त्याच्या पायाशी विभ्रम बसला होता. तो रागावला नाही. उठलाही नाही.

"राणी, एक सांग. मी कोणाला जबरदस्तीने पट्टी बांधली?"

"नाही."

"कोणाच्या घरात न बोलावता शिरलो?"

"नाही. आम्हीच बोलावले."

"मग फोडायचा हक्क तुला कोणी दिला? तुझ्या सेनापतीला इथेच पाय आहेत. तुझ्या नवऱ्याला इथेच लेक आहे. फोडशील तर ती दुसऱ्यांदा मरेल, आणि या वेळी मारणारी तू असशील."

राणी म्हणाली, "हक्क कोणीच दिला नाही. पण हिच्याकडे तिच्या बापाने अजून पाहिलेले नाही." आणि तिने कडेवरची वेणू सावरली.

"तर मग फोड," विभ्रम म्हणाला, आणि बाजूला झाला.

राणीने जमिनीवरचा धोंडा उचलला. स्फटिकात चित्रा आली. तीळ तोच, जिवणी तीच. "आई," ती म्हणाली, "मला फोडू नकोस."

राणीचे मन म्हणाले, ही ती नव्हे. ती असती तर भांडली असती. आणि तेवढा आधार पक्का धरावा म्हणून ती बोलून गेली, "तू चित्रा असशील तर माझ्याशी भांड."

स्फटिकातल्या मुलीने ओठ काढला, पाय आपटला. "नाही लावायचं मला तेल! तू केस ओढतेस! मी बाबांना सांगेन!" आणि वेणीचे पेड हिसकून ती पळाली, खांबाआड लपली, आणि आई येते का म्हणून एका डोळ्याने पाहू लागली.

राणीच्या हातून धोंडा खाली पडला. ही हुबेहूब चित्रा होती. ज्या एका खुणेवर राणी इतके दिवस तगली होती, ती खूणही आता उरली नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि गुरासारखी ओरडून रडली. विभ्रम शांतपणे पाहत राहिला. इथवर आलेले सारे याच जागी बसले होते.

वेणूला काही कळले नाही. ती घाबरली आणि आईच्या गळ्याला घट्ट बिलगली. तिला भूक लागली होती, नाक वाहत होते, अंग माळावरच्या उन्हाने तापले होते. राणीने तिचे नाक पदराने पुसले. मग ती उठली, धोंडा पुन्हा उचलला, आणि खांबाआडून पाहणाऱ्या लेकीच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "चित्रे, माफ कर मला." आणि तिने घाव घातला.

स्फटिक फुटला. रांजण तडकले. त्यांतून दिवस बाहेर पडले, पांढऱ्या पतंगांसारखे, थव्याथव्याने, आणि आपापल्या घरांकडे उडाले. विभ्रमाचे केस पिकले, दात गळले, पाठ वाकली. "आता घरी जा," तो म्हणाला. "तुझे आभार कोण मानतो, ते पाहा." आणि तो बसल्याजागी राख झाला.

राणी परतली तेव्हा सारे नगर आक्रोश करीत होते. पट्ट्या गळून पडल्या होत्या आणि प्रत्येकाला त्याचे गेलेले दिवस परत मिळाले होते. मिळाले ते केवळ पाहण्यापुरते. जगायला आता ते कोणाच्याच हाती नव्हते. कोणाला आईचे मरण दिसले, कोणाला दारावरून उपाशी परतलेला भाऊ. खालच्या आळीतल्या त्या बाईला दृष्टी आली, आणि आधी दिसला तो रिकामा पाळणा. सेनापती वीरबाहू भिंतीला टेकून बसला होता. राणीने त्याच्यासाठी पालखी धाडली. त्याने ती परत पाठवली आणि निरोप दिला, "राणीसाहेब, आपण माझा घोडा मारलात. राज्यासाठी मारलात हे समजते. पण पालखी नको." राणीने मान खाली घातली.

तरी संध्याकाळपर्यंत चुली पेटल्या. गाईंच्या धारा निघाल्या. दुसऱ्या दिवशी माणसे रडत रडतच फावडी घेऊन बांधावर गेली.

राजा चित्राच्या पलंगापाशी होता. डोळे उघडे होते, आणि उजेडाची सवय मोडल्यामुळे त्यांतून पाणी गळत होते. त्याने दारातल्या राणीला पाहिले. तिचे केस पांढरे झालेले पाहिले. मग तिच्या पदराआडची पोर पाहिली.

"ही कोणाची?"

"आपली. वेणू."

राजाने हात पुढे केला. वेणू मागे सरली. तिला हा मनुष्य ठाऊक नव्हता. राजाचा हात तसाच हवेत राहिला, मग हळूच त्याच्या मांडीवर आला. मग राजा म्हणाला, "मालवती, चित्रा गेली."

एवढी वर्षे राणी हे वाक्य ऐकायला थांबली होती. एकटीनेच ते उरावर बाळगले होते. ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली.

"हो महाराज. गेली."

आणि त्या दिवशी, लेक गेल्यानंतर पहिल्यांदा, तिचे आईबाप एकत्र रडले. त्या राज्याचा शाप असा सुटला. सुख किती परत आले, ते ज्याचे त्याला माहीत. पण ज्याचे त्याचे दुःख त्याच्या त्याच्या घरी पोचले, आणि ते वाटून घ्यायला घरात माणसेही जागी होती.