अर्धी हाळी

ढगांच्याही वर, डोंगरमाथ्यावर, ढवळमाळ नावाचं गाव होतं. तिथे धुकं आकाशातून उतरत नसे. ते दरीतून वर चढून येई. आधी कुंपणं गिळी, मग गोठे, मग घरं. शेवटी गावात नुसते आवाज उरत. माणसं एकमेकांना खोकल्यावरून ओळखत आणि म्हशींना गळ्यातल्या घंटेवरून.

गावाचा सगळा संसार म्हशींवर चाले. चरायला मोठं पठार होतं, पण पठाराच्या पलीकडच्या अंगाला उभा कडा होता. धुक्यात पठार पांढरं आणि कडाही पांढरा. म्हणून धुकं चढू लागलं की प्रत्येक घरची बाई टेकाडावर उभी राहून हाळी देई. लांब, वर चढत जाणारी, शेवटी गोल वळून खाली येणारी हाक. प्रत्येक घराची हाळी वेगळी. म्हशी आपल्या घरच्या हाळीमागे चालत येत, आणि राखणारं माणूस म्हशींमागे.

पण माणसं मरतात, आणि म्हशींना ते कुणी सांगत नाही. गावातला मानाचा म्हातारा बमाजी आखाडे. त्याची बायको हौसाबाई वारली. तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेली मोरी म्हैस कळपाची पुढारीण होती. मोरी दुसऱ्या कुणाच्याही हाळीला मान वळवीना.

बरं झालं, गावात वैजू होती. ती तालुक्याच्या कॉलेजात शिकत होती आणि तिला धीर कमी होता. हौसाबाई हयात असतानाच तिने गावातल्या सगळ्या बायकांच्या हाळ्या रेकॉर्ड करून एका हार्ड डिस्कवर ठेवल्या होत्या. टेकाडावरच्या खोलीत जुना लॅपटॉप मांडला. छपरावर कर्णा बसवला. पठाराच्या तोंडाशी खांबावर माइक लावला, म्हणजे म्हशींच्या घंटा खोलीत ऐकू येतील. आता धुकं आलं की हौसाबाईचा आवाज पठारावर तरंगत जाई, आणि मोरी कान हलवत घरी येई. गावातले लोक हळूच म्हणत, हौसा मेली नाही, धुक्यात राहायला गेली.

लॅपटॉप फार जुना होता. त्याच्या पोटात जागा उरली नव्हती आणि यूएसबीची तोंडं एकेक करून बिघडत जाऊन आता एकच शाबूत उरलं होतं. जोडायची यंत्रं मात्र बरीच: डिस्क, कर्ण्याला आवाज पोचवणारी डबी, माइक. म्हणून वैजू हब, म्हणजे एका तोंडाची अनेक तोंडं करणारी डबी, आणायला तालुक्याला गेली.

दुकानदाराने बोटाएवढा एक हब पुढे केला. "ताई, हा न्या. सात तोंडं आहेत. सगळ्यांना पुरेल."

"याला स्वतःला वीज कोण देतं?"

"लॅपटॉपच देतो की."

"मग हा पुरवत काहीच नाही. एका भाकरीचे सात तुकडे करतो. दुसरा दाखवा."

प्रत्येक यंत्राच्या पाठीवर त्याची भूक बारीक अक्षरात लिहिलेली असते. वैजूने ती आधीच वाचून बेरीज केली होती. सगळ्यांत खादाड डिस्क. सुरू होताना ती मोठा घास मागते आणि तो मिळाला नाही तर रुसून बसते. वैजूने असा हब निवडला, ज्याचा स्वतःचा अडॅप्टर भिंतीतून वीज घेतो आणि बेरजेपेक्षा थोडी जास्तच देतो. खोका तिने बमाजीच्या हाती सोपवला, अडॅप्टर जोडायला बजावलं आणि ती परीक्षेसाठी पुन्हा तालुक्याला गेली.

ढवळमाळात नवी वस्तू वापरायची रीत नव्हती. नवी घोंगडी पेटीत राही आणि विरलेली अंगावर. नवं पातेलं फडताळात, चेपलेलं चुलीवर. ठेवणीतल्या वस्तू जितक्या जास्त, तितकं घर मोठं. बमाजीने खोका उघडला. अडॅप्टर काळाभोर, गुळगुळीत, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. त्याने हब नुसताच लॅपटॉपला लावून पाहिला. हबावर निळे दिवे लागले.

"लागलं की!" बमाजी म्हणाला. "मग ही कोरी वस्तू कशाला बाटवायची?"

त्याने अडॅप्टर फडक्यात बांधला, पत्र्याच्या पेटीत ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला अडकवली.

हबाची बाकीची तोंडं रिकामी होती. ती म्हाताऱ्यांना बघवेनात. एकाने मोबाइल लावला, मग दुसऱ्याने. धाकूअण्णा कोकरे याने मुलाने पाठवलेला चिमुकला पंखा आणून लावला आणि त्याच्यापुढे मिशा वाळवत बसला. ते दिवस स्वच्छ उन्हाचे होते. हाळीची गरजच पडली नाही.

वैजू परत आली. खोलीत पाऊल टाकताच तिच्या कपाळावर आठी चढली.

"तात्या, अडॅप्टर कुठाय?"

"जपून ठेवलाय," बमाजी म्हणाला.

"जपायला आणला होता का मी?"

"अडीनडीला असू दे पोरी. दिवे लागलेत, दिसत नाही का?"

"दिव्याला थेंबभर वीज पुरते. डिस्क सुरू झाली की कळेल."

"तुम्हा शिकलेल्यांना सगळंच दुप्पट लागतं," धाकूअण्णा पंख्यापुढून म्हणाला. बाकीचे म्हातारे हसले.

"आणि तुम्हाला लॅपटॉपच्या जिवावर वारा लागतो," वैजू म्हणाली. "द्या किल्ली."

बमाजीने कमरेवर हात ठेवला. किल्ली काही दिली नाही. "वेळ आली की मीच काढीन," तो म्हणाला.

त्याच दुपारी दरीत काहीतरी हललं. पांढरं, सावकाश, श्वास घेतल्यासारखं. कुंपणं गेली. गोठे गेले. सूर्य आधी चांदीच्या ताटासारखा झाला, मग तोही विरघळला. बमाजीची सून सखू म्हशी घेऊन पठारावर गेली होती.

वैजूने डिस्क सुरू केली आणि हौसाबाईची हाळी लावली.

"मोरे गंऽऽ, ये गंऽऽ..." आवाज धुक्यात शिरला. तो मऊ होता आणि फार जवळचा वाटत होता. बमाजीने नकळत डोळे मिटले. आवाज चढू लागला, चढला, आणि वरच्या टोकाला पोचायच्या आतच तुटला. डिस्कने आत टक टक केलं आणि ती बंद पडली. हबावरचे निळे दिवे मात्र लागलेलेच होते.

माइकमधून घंटांचा आवाज येत होता. हाळी ऐकून घंटा वळल्या होत्या. आता त्या थांबल्या. मग भलत्याच दिशेने वाजू लागल्या.

वैजूने सगळ्यांच्या वायरी उपटायला सुरुवात केली.

"अगं, माझा फोन मेलाय!" धाकूअण्णा ओरडला.

"फोनच मेलाय ना? तिकडे सखूवहिनी आहे!"

पंखा काढला. मोबाइल काढले. हाळी पुन्हा लावली. ती पुन्हा अर्ध्यात तुटली. एवढ्या जुन्या लॅपटॉपच्या एका तोंडातून डिस्क आणि आवाजाची डबी दोन्ही जगत नव्हत्या. खोलीत सगळ्यांना एक गोष्ट एकदमच कळली. अर्धी हाळी ही हाळी नसण्याहून वाईट. मोरी आवाज ऐकून वळते. आवाज तुटला की जिकडे तोंड असेल तिकडे चालू लागते. घंटा आता कड्याकडे सरकत होत्या.

वैजू दारात उभी राहून स्वतः ओरडली. घसा फाटेपर्यंत ओरडली. एकही घंटा वळली नाही.

"धुकं निवळेल थोड्या वेळात," धाकूअण्णा पुटपुटला. "लगेच कशाला पेटी..."

तेवढ्यात माइकमध्ये वगारीची, कळपातल्या कोवळ्या म्हशीची, लहान घंटा फार खालून वाजली. खोल, विहिरीतून वाजावी तशी. मग ती वाजली नाही.

बमाजीने करगोटा तोडून किल्ली काढली आणि तो धावला. त्याला धावताना कुणी पाहिलं नाही, कारण चार पावलांवर तो पांढरा झाला. नुसता आवाज ऐकू आला: वहाणा, धाप, पत्र्याची पेटी, पुन्हा वहाणा. तो परत आला तेव्हा त्याच्या भुवयांवर दव होतं आणि हातात फडक्याची गाठ. गाठ सुटेना. वैजूने ती दातांनी सोडली.

अडॅप्टर भिंतीत बसला, त्याची वायर हबात बसली. डिस्क गुणगुणली आणि गुणगुणतच राहिली.

"मोरे गंऽऽ, ये गंऽऽ, ये गं माझ्या बायेऽऽ..."

या वेळी आवाज टोकाला पोचला, तिथे थोडा रेंगाळला आणि गोल वळून पठारावर उतरला. धुकंच गात असावं असं वाटत होतं. माइकमध्ये मोरीची मोठी घंटा थांबली. मग घंटा हळूहळू वळली, आणि तिच्यामागे बाकीच्या. वैजू हाळी पुन्हा पुन्हा लावत राहिली. ती एकदाही तुटली नाही.

आधी घंटा आल्या. मग पांढऱ्यातून मोरीचं काळं नाक आलं, मग शिंगं. आणि मग मोरीची शेपटी घट्ट धरलेली सखू आली. तिचे गुडघे फुटले होते. ती उंबऱ्यावरच बसली.

"मामंजी, वगार गेली," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत गेली. मीही तिच्यामागेच होते."

वैजूने तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. सखूने तो धरला, पण प्यायली नाही. ती कर्ण्याकडे बघत होती.

"आत्याबाईंनी हाक मारली, म्हणून मी निघाले," ती म्हणाली. "मग त्या अर्ध्यातच गप्प झाल्या. मला वाटलं, रागावल्या माझ्यावर. का गप्प झाल्या हो त्या?"

"धुकं फार दाट होतं गं," धाकूअण्णा घाईघाईने म्हणाला.

बमाजीने हात वर करून त्याला थांबवलं. तो सखूपुढे जमिनीवर बसला. या गावात सासरा कधी सुनेपुढे असा बसला नव्हता.

"ती नाही रागावली, पोरी," तो म्हणाला. "मी तिला उपाशी ठेवलं होतं. तिची भाकरी माझ्या पेटीत होती."

तात्पर्य: ज्याच्या जिवावर अनेकजण चालतात, त्याला आधी त्याची स्वतःची शिदोरी द्या; ती कुलपात कोरी ठेवून मिरवणारा माणूस काही वाचवत नाही, फक्त किंमत दुसऱ्याला मोजायला लावतो.