शाल्मलीने फिरवलेला शब्द

एका राज्यात समुद्रच खरा राजा आणि सिंहासनावरचा भद्रसेन त्याचा मांडलिक, असं लोक म्हणत. भद्रसेनाच्या कानावर ते येई, पण तो रागावत नसे, कारण ते खरंच होतं.

दरबारात वादळाचं भाकीत सांगायला एक आसन होतं. भाकीत सांगायचं आणि तबकातला विडा उचलायचा. विडा उचलला की शब्द पक्का. फार पूर्वी तिथे बसलेल्या एका मांत्रिकाने आपला शब्द बदलला, तेव्हा सारा दरबार हसला. त्याने संतापून शाप दिला, की यापुढे या आसनावरून जो शब्द फिरवील तो दगड होईल. उःशाप सांगायला तो थांबलाच नाही. तेव्हापासूनचे भाकीतकार मोठे हुशार निघाले. वादळ आलं तर येईल, एवढं सांगून ते विडा चघळत घरी जात.

शाल्मली मात्र नेमकं सांगणारी होती. तिच्याजवळ माणसासारखा बोलणारा एक कुरव पक्षी होता. समुद्रावर ढग जमू लागताच तिने त्याला पाठवलं.

पक्षी परतला. म्हणाला, "पाण्याला ताप आला आहे. ढगांनी फेर धरला आहे, पण मध्ये अजून कोणी नाही."

दुसऱ्यांदा परतला तेव्हा म्हणाला, "त्याने डोळा उघडला आहे. नजर मोतीबंदराकडे आहे."

शाल्मलीला आणखी एक फेरी हवी होती. राजाला धीर नव्हता. अख्खं बंदर रिकामं करायला वेळ लागतो, हेही खोटं नव्हतं. तिने मोतीबंदर सांगितलं आणि विडा उचलला. राजाने तिथली माणसं उत्तरेला शंखवाडीच्या पुळणीवर हलवली. बायकांनी तिथे चुली मांडल्या.

तिसऱ्यांदा पक्षी आला तो अर्धी पिसं गमावून.

"मी डोळ्याच्या आत गेलो होतो," तो म्हणाला. "भोवती ढगांच्या भिंती आभाळाला टेकल्या आहेत. आत वारा नाही. वर निळं आभाळ, खाली हजारो दमलेले पक्षी गोल फिरताहेत, आणि कोणी ओरडत नाही. परत यायचं हेच मी विसरलो होतो. मग कळलं, तो वळला आहे."

"कुठे?"

"शंखवाडीकडे."

गप्प राहावं, असं शाल्मलीच्या मनात आलं. भाकीत चुकलं म्हणून कोणी दगड होत नव्हतं; शाप फक्त सुधारणाऱ्याला होता. तिला मरणाची भीती वाटली. तरी ती जाऊन आसनावर बसली.

"महाराज, मी शब्द फिरवते. वादळ शंखवाडीवर येणार. माणसं गडावर न्या."

तिची पावलं दगडाची झाली, मग गुडघे. प्रधानाने विचारलं, काल मोतीबंदर, आज शंखवाडी, मग उद्या कुठे? मागे कोणी तरी हसलं. त्यासरशी दगड छातीपर्यंत चढला.

भद्रसेन उठला. खात्री आहे का, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"वेळ किती आहे?"

"संध्याकाळपर्यंत."

"ठीक." तो स्वतः घोड्यावर बसून शंखवाडीला गेला आणि आपला हुकूम आपणच फिरवतो आहोत, असं त्याने सर्वांसमोर सांगितलं. बायकांनी चुली विझवल्या, पोरं कडेवर घेतली. काल काय सांगितलं होतं, हे कोणीही काढलं नाही, कोणी हसलंही नाही. ती माणसं गड चढू लागली तसा इकडे रिकाम्या दरबारात शाल्मलीची छाती मोकळी झाली, मग गुडघे, मग पावलं. ती उठून गडाकडे चालू लागली.

संध्याकाळी समुद्र माडांच्या शेंड्यांवरून आत आला. सगळे गडावरून पाहत राहिले. मग एकाएकी वारा पडला. वर निळं आभाळ उघडलं, आणि हजारो थकलेले पक्षी उतरून माणसांच्या खांद्यांवर बसले. पोरंसुद्धा रडायची थांबली.

"संपलं?" राजाने शाल्मलीला हळूच विचारलं.

"नाही. हा त्याचा डोळा आहे. मागची भिंत यायची आहे. सगळ्यांना आत घ्या."

"हा शब्द पक्का?"

"आत्तापुरता, महाराज."

राजाने मान लववून गडावरच्या कोठाराचं दार उघडलं. आत शिरण्यात प्रधान सर्वांत पुढे होता.

सकाळी शंखवाडी जागेवर नव्हती. माणसं मात्र सगळीच्या सगळी होती.