आकडे झाकलेला ताळेबंद

“पण सर, आकडेच झाकलेत. मग मी वाचू काय?”

न्यायाधीश उपेंद्र खानविलकर चिडले होते. तेवीस वर्षं न्यायदानात घालवलेल्या माणसाला कुणी असं पाचवीतल्या पोरासारखं वागवत नाही.

समोर हणमंतराव तासगावे बसले होते. सत्त्याहत्तर वर्षांचे निवृत्त लेखापरीक्षक. न्यायाधीशांना ताळेबंद वाचायला शिकवण्यासाठी प्रशिक्षण केंद्राने त्यांना पाच दिवस बोलावलं होतं. आज बुधवार, तिसरा दिवस.

खानविलकरांपुढे एका बंद पडलेल्या सूतगिरणीचा खटला होता. दोनशे बारा कामगारांचा अकरा महिन्यांचा पगार थकला होता. मालक म्हणत होता, तोटा झालाय, गोदामात माल उरला नाही, देऊ कुठून? ताळेबंद बघा. साहेबांनी तो चार वेळा बघितला आणि चारही वेळा काही कळलं नाही. हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. शेवटी गिरणीचं नाव शाईने खोडून त्यांनी तो कागद हणमंतरावांपुढे ठेवला.

हणमंतरावांनी आकड्यांची बाजू मागे दुमडली आणि वर टाचणी लावली.

“वाचा.”

“सर, गमतीची वेळ नाही. पुढच्या आठवड्यात निकाल आहे. घसारा शिकवा, गुणोत्तरं शिकवा. वाट्टेल तेवढा अभ्यास करीन मी.”

“वाचा, साहेब. मोठ्याने.”

खानविलकर दातओठ खात वाचू लागले. भागभांडवल. कर्जं. यंत्रसामग्री. यात कसली आलीय विद्या?

“वर्षअखेरचा शिल्लक माल, व्यवस्थापनाने मोजून, किंमत ठरवून, प्रमाणित केल्याप्रमाणे. येणी...”

हणमंतरावांनी कागदावर बोट ठेवलं.

“तुमच्या कोर्टात आरोपीने स्वतःच स्वतःला चांगल्या वागणुकीचा दाखला दिला तर?”

“फेकून देईन.”

हणमंतरावांचं बोट तिथेच होतं.

खानविलकरांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग आणखी एकदा.

“म्हणजे गोदामात सूत किती, ते... मालकानेच मोजलंय?”

“मला काय विचारता? कागद तुमच्या हातात आहे.”

“पण लेखापरीक्षकाची सही आहे!”

“आहे ना. या ओळीच्या खालीच आहे.”

खरं सांगायचं तर साहेबांना लाज वाटली. कामगारांचा म्हातारा पुढारी प्रत्येक तारखेला कळवळून सांगत होता, गोदाम भरलंय, साहेब, भरलंय. पुरावा काय, असं विचारून त्यांनी त्याला दर वेळी खाली बसवलं होतं. मालकाला मात्र एकदाही विचारलं नव्हतं.

खानविलकरांनी कागद उचलला. टाचणी काढली नाही. आवाज आता त्यांचा कोर्टातला होता.

“कोर्ट कमिशनर नेमतो. गोदाम उघडून, दोन्ही बाजूंच्या समोर सुताची एकेक गासडी मोजायला लावतो. मालकाचा वकील कितीही आदळआपट करू दे.”

“छान.”

“शुक्रवारी तुमचं प्रशिक्षण संपतंय. सोमवारी कोर्टात गेलो की पहिलं काम हेच.”

हणमंतराव चष्मा पुसत होते.

“सोमवारपर्यंत गोदामाची किल्ली कुणाकडे असेल, साहेब?”