तीन शिक्क्यांचं पत्र

फार जुन्या काळची गोष्ट. इतकी जुनी की त्या राजाचं नाव आता कुणालाच आठवत नाही, आणि नाही आठवलं तरी काही बिघडत नाही.

त्या राजाच्या आजोबांनी समुद्रातल्या एका बेटावर आपली माणसं नेऊन वसवली होती. दरवर्षी पावसाळा सरून समुद्र मोकळा झाला की चाचे बेटावर चालून यायचे, आणि राजाची गलबतं त्यांना हुसकावून लावायची. एके वर्षी राजा म्हणाला, "राखणीचा सगळा खर्च आपणच का सोसायचा? बेटानंही वाटा उचलावा. बोलणी करा." बोलणी होईपर्यंत गलबतं बंदरातच राहतील, असंही ठरलं.

बेटाच्या वतीनं एक म्हातारा तांडेल आला. उभा जन्म होडी हाकण्यात गेलेला माणूस. त्याची सोय पाहायचं काम चिटणिसाकडे आलं. चिटणीस मनानं भला, पण रीतीचा पक्का. आणि रीत अशी होती की खजिना, फौज आणि आरमार या तिन्ही खात्यांनी आधी आपसांत एक मागणी ठरवायची, पत्रावर तिघांचे शिक्के उमटवायचे, आणि तोवर पाहुण्याचं काहीएक ऐकायचं नाही. ऐकलं की आपला आकडा डळमळतो, असं दरबारातले जाणते म्हणत.

मग काय, चिटणीस मसुदा घेऊन तिन्ही खात्यांचे उंबरठे झिजवू लागला. खजिनदार म्हणाले, "चौथा हिस्सा मागा, म्हणजे देतील तरी." सेनापती म्हणाले, "तिसऱ्या हिश्शाखाली बोलू नका. आणि हत्तींचा चारा त्यात धरा." बेटावर आजवर एकही हत्ती गेला नव्हता. हत्तींचं नाव निघताच आरमाराचे सुभेदार फुगले आणि त्यांनी गलबतांना फासायच्या डांबराचा खर्च वेगळा मांडला. मसुदा खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. यात दोन महिने गेले.

तांडेल धर्मशाळेच्या ओसरीवर बसून असायचा. चिटणीस दिसला की उठून उभा राहायचा.

"चिटणीसबाबा, फार नाही, थोडकंच सांगायचं आहे. ऐकून तर घ्या."

"तांडेलदादा, तेवढं सोडून काहीही बोला. जेवण वेळेवर मिळतं ना?"

"मिळतं," तांडेल म्हणायचा आणि खाली बसायचा.

चिटणिसाला वाईट वाटायचं. ऐकून घ्यावं असं फार मनात यायचं, पण रीत मोडायचा धीर होत नसे.

नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली, तसं तांडेलानं गाठोडं बांधलं. "आता समुद्र मोकळा होईल. मला घरी असायला हवं," एवढंच म्हणून तो गेला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तिसरा शिक्का उमटला. चिटणीस हरखला आणि पत्र घेऊन स्वतःच बेटावर निघाला. किनाऱ्यावर होड्या जळून पडल्या होत्या. घरांवर छपरं नव्हती. चाचे येऊन गेले होते. एका पडक्या भिंतीच्या आडोशाला तांडेलाची बायको बसली होती. तांडेल किनाऱ्यावर लढताना गेला, हे तिनंच सांगितलं.

चिटणीस पत्र हातात धरून तिच्यासमोर खाली बसला. तिची नजर पत्राकडे गेली. "वाचा," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच बसून होते ना ते तिकडे?"

त्यानं वाचलं. बेटानं राखणीच्या खर्चाचा तिसरा हिस्सा द्यावा, असं तिन्ही खात्यांचं एकमत झालं होतं.

"आम्ही निम्मा देणार होतो," ती म्हणाली. "साऱ्या गावानं ठरवूनच धाडलं होतं त्यांना. समुद्र मोकळा व्हायच्या आत एक गलबत तेवढं पाठवा, एवढंच मागणं होतं."

पुढे राजानं ती रीत मोडली, पण तोवर उरलीसुरली माणसं बेट सोडून गेली होती, आणि तिथं पुन्हा कुणी राहायला गेलं नाही. चिटणिसाला कुणी बोल लावला नाही. त्यानं रीत पाळली होती. त्याचं मन मात्र त्याला मरेपर्यंत खात राहिलं.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही: समोरच्याकडून काय मागायचं हे ठरवत बसण्याआधी, तो काय द्यायला आला आहे ते ऐकून घ्यावं.