पाइपात पडलं मुंगीचं बाळ

एक होती इवलीशी मुंगी. तिचं बाळ तिळाएवढं. दोघं राहायची सगुणामावशीच्या कारखान्यात. मावशी बनवायची लोखंडी खुर्च्या.

एकदा बाळ चढलं खुर्चीच्या सुट्या पायावर. पाय म्हणजे उभा, पोकळ पाइप. बाळ वाकलं, डोकावलं आणि... सुर्रर्र, टप्प! आत पडलं! पाइप आतून गुळगुळीत. वर येता येईना.

"आई गं! अंधार!"

ठक ठक! मावशी पाइपासाठी झाकण ठोकून घडवत होती. झाकण लागलं की पाइप बंद! मुंगी धावली पाइपाकडे.

"पाइपदादा, पड ना! बाळ येईना!"

"मी नाही ज्जा! शिकंज्याने जबड्यात धरलंय घट्ट. शिकंजा सुटेल, तर मी पडेन."

मुंगी गेली तुरुतुरु.

"शिकंजादादा, सूट ना! पाइप पडेना, बाळ येईना!"

"मी नाही ज्जा! मी झालोय जाम. तेल सांडेल, तर मी सुटेन."

ठक ठक! झाकण झालं सपाट.

मुंगी गेली तुरुतुरु. शिकंज्याच्या वर फळीवर तेलाची बुधली.

"बुधलीताई, तेल सांड ना! शिकंजा सुटेना, पाइप पडेना, बाळ येईना!"

"मी नाही ज्जा! माझ्यावर हातोडी पडेल, तर तेल सांडेन."

ठक ठक! झाकण झालं गोल.

मुंगी गेली तुरुतुरु.

"हातोडीबाई, पड ना! तेल सांडेना, शिकंजा सुटेना, पाइप पडेना, बाळ येईना!"

"मी नाही ज्जा! मावशी सोडेल, तर मी पडेन."

ठक! झाकण तयार.

"झालं बाई एकदाचं!" मावशी उठली. एका हातात झाकण, एका हातात हातोडी.

मुंगी चढली मावशीच्या खांद्यावर.

"मावशी, सोड ना! हातोडी पडेना, तेल सांडेना, शिकंजा सुटेना, पाइप पडेना, बाळ येईना!"

मावशीला ऐकूच येईना! झाकण आलं पाइपाजवळ. अगदी जवळ!

"आई गं!" बाळ रडलं.

मुंगीला आला राग. अस्सा राग! धावली मावशीच्या हातोडी धरलेल्या बोटावर. कडकडून चावली!

"आई आई गं!"

मावशीने हात झटकला, सोडली हातोडी. हातोडी पडली बुधलीवर, धप्प! तेल सांडलं शिकंज्यावर, गळागळा! शिकंजा सुटला, करकर! पाइप पडला, ठण्ण! आणि बाळ आलं बाहेर, टुणुक!

मुंगीने खाली धावत येऊन बाळाला घट्ट घट्ट धरलं.

मावशी बोट चोखत खाली वाकली, तर पाइपाच्या तोंडाशी मुंगी आणि बाळ! "अगो बाई! आत बाळ होतं? चुकलं गं माझं!" तिने दिला गुळाचा खडा.

आता मावशी आधी पाइप वाजवते. टण टण!

"आत कोणी आहे का?"

मुंगीचं बाळ ओरडतं, "नाही, मावशी! मी आईपाशी आहे!"