आवटींच्या दुकानातली पहिली फळी

आवटी वस्तुभांडाराच्या कुठल्याही शाखेत शिरा, दाराशी एक सागवानी फळी दिसते. आत साड्या, कुकर, शाळेचे गणवेश, सगळं शिस्तीत. आणि या फळीवर मात्र भलतंच काहीतरी. करंजबावीत एकेका पायाच्या सुट्या चपला. डफळवाडीत कंदिलाच्या काचा, वीज येऊन जमाना लोटला तरी. नवखं गिऱ्हाईक विचारतंच, हे काय इथे? मग करंजबावीचे जुने विक्रेते सिद्राम माळगे हातातलं कापड बाजूला ठेवून सांगू लागतात.

रामलिंग आवटींनी पहिलं दुकान इथे थाटलं, तेव्हा पाटीवर लिहिलं होतं, 'मागाल ते मिळेल'. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर दुकानाला कुलूप घालीन, अशी मायाक्का देवीची शपथ त्यांनी भर बाजारात घेतली होती, असे सांगतात. त्यांची बायको गौराक्का तेव्हापासून जीव मुठीत धरून बसायची. दारात सावली पडली की तिला वाटायचं, हा आता काय मागतोय?

एका बाजारच्या दिवशी कुबडी टेकत एक बाई आली. तिला उजवा पाय तेवढा होता. म्हणाली, एकच चप्पल द्या.

"जोड घ्या की, बाई," रामलिंग म्हणाले.

"दुसरी काय डोक्यावर ठिवू, मालक?"

बाजार हसला. रामलिंगांच्या तोंडचं पाणी पळालं. वहाणांचा जोड फोडला की घरधन्यावर गंडांतर येतं, असा त्या वेळी समज होता. आणि न फोडावा तर शपथ मोडत होती.  शेवटी गौराक्कानेच जोडाचा दोरा तोडला. उजवी चप्पल त्या बाईपुढे सरकवली, डावी स्वतःच्या पदराखाली घेतली, आणि म्हणाली, "ह्या डावीला पाय मिळंस्तवर मी अनवाणी चालीन. काय यायचं ते माझ्या पायाखाली येऊ दे."

मग ती गावोगावचे बाजार धुंडाळू लागली. रामलिंगांना साधा ताप आला तरी तिला वाटायचं, आलं ते. दुसऱ्या दिवशी आणखी लांबच्या बाजाराला निघायची. डावा पाय तेवढा असलेला माणूस काही भेटेना. बायाबापड्या मात्र तिला बसवून घेत, पाणी देत, आणि आमच्याकडे अमुक मिळत नाही, तमुक मिळत नाही, असं सांगत बसत. आज जिथे जिथे आवटींची दुकानं आहेत, ते सगळे तिच्या त्या पायपिटीतले बाजार, म्हणे.

शेवटी सोनतळीच्या बाजारात तसा माणूस भेटला. गौराक्काने चप्पल पुढे केली. तोवर तिचं चामडं वाळून लाकूड झालेलं.

तो म्हणाला, "आक्का, माझा पाय हाय तसा बरा हाय. ही कुबडीच घसरती. हिलाच घाला की काय तरी."

 गौराक्काने शेजारच्या चांभाराकडून रापी मागून त्या चपलेची टाच कापली आणि कुबडीच्या टोकाला स्वतः ठोकून दिली. तो चार पावलं चालला. कुबडी घसरली नाही.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, "ती पाटी उतरवा. आपल्याकडं काय हाय ते वरडत बसलो. लोकांकडं काय न्हाई, ते इचारलंच न्हाई."

पाटी उतरली. रामलिंग पुढे पुष्कळ जगले.

आजही आवटींची नवी शाखा निघते तेव्हा फीत कापत नाहीत. घरातली सून अनवाणी बाजारात जाते आणि भेटेल त्या पहिल्या माणसाला विचारते, इथे काय मिळत नाही? ते आधी त्या फळीवर येतं. निंबरग्याला धाकटी सून मृणाल गेली, तेव्हा भीतीने तिचा आवाजच फुटेना. समोर शिलाईवाल्या कस्तुराबाई बसल्या होत्या. "बोल की पोरी, मी काय खाती का तुला?" त्या म्हणाल्या, आणि मग सांगितलं, "डाव्या हाताची कात्री मिळत न्हाई बघ. जलमभर उलट्या हातानं कापती."

कात्री आली. कस्तुराबाईंनी ती डाव्या हातात धरली, एक चिंधी कापली, मग दुसरी. बाकीचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. त्या तिथेच पायरीवर बसून चिंध्या कापत राहिल्या.